‘मार्शल लॉ’ मधला ‘मार्शल’ कोण? सोलापूर १९३० आणि एका शब्दाची उलटतपासणी



पेट झाली, नेट-सेटचा अभ्यास एका बाजूला चालू आहे आणि आता संशोधन आराखडा लिहायला बसलात. अशा वेळी मार्गदर्शक सर किंवा मॅडम हमखास एक प्रश्न विचारतात, "शीर्षकात हा जो शब्द वापरलाय, त्याची व्याख्या काय?" बऱ्याच जणांना हा निव्वळ उपचार वाटतो. शब्दकोश उघडायचा, एक ओळ उतरवायची, झालं काम! पण व्याख्या बदलली की संशोधनाचा प्रश्नच बदलतो, पुरावे शोधायची जागाही बदलते. हे कसं होतं ते आज एका लष्करी शब्दावरून पाहू. हा शब्द सोलापूरकरांच्या घराघरात माहीत आहे: मार्शल लॉ.

सोलापुरात हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. चार हुतात्म्यांचे पुतळे येता-जाता दिसतात. १२ जानेवारीला अभिवादन होतं, शाळांमध्ये भाषणं होतात आणि प्रत्येक भाषणात "सोलापूरचा मार्शल लॉ" येतोच. पण भाषण करणाऱ्याला थांबवून विचारा, मार्शल लॉ म्हणजे काय? उत्तर येईल, "लष्करी कायदा." मग पुढचं विचारा. कोणता कायदा? कोणत्या साली मंजूर झाला? त्याची कलमं किती? इथे बहुतेकांची गाडी अडते. ती का अडते, याचं उत्तर शब्दातच दडलेलं आहे.

एकच उच्चार, दोन वेगळे शब्द

आधी आपल्या रोजच्या मराठीतले ‘मार्शल’ गोळा करू. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्याला बाहेर काढतात ते मार्शल. पोलिसांचे बीट मार्शल. फील्ड मार्शल माणेकशा. एअर मार्शल. मार्शल आर्ट. कोर्ट मार्शल. मार्शल लॉ. आणि गावाकडे वऱ्हाड भरून नेणारी महिंद्राची मार्शल गाडी, तीही आठवत असेलच.

देवनागरीत हे सगळे अगदी एकसारखे दिसतात. प्रत्यक्षात इथे दोन वेगळे इंग्रजी शब्द आहेत. त्यांचं स्पेलिंग वेगळं, मूळ वेगळं, फक्त उच्चार सारखा.

पहिला शब्द लॅटिनमधून आला. रोमन लोकांच्या युद्धदेवाचं नाव मार्स. आपण ज्याला मंगळ म्हणतो त्या ग्रहाला त्यांनी हेच नाव दिलं, मार्च महिन्याचं नावही त्याच्याच वरून पडलं. ‘मार्सचा, म्हणजे युद्धाचा’ या अर्थाचं विशेषण इंग्रजीत आलं. मार्शल आर्ट, कोर्ट मार्शल आणि मार्शल लॉ यांतला मार्शल हा आहे.

दुसरा शब्द जुन्या जर्मेनिक भाषांमधला. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिल्याचा अर्थ घोडा (इंग्रजीत घोडीला ‘मेअर’ म्हणतात, ते याच कुळातलं) आणि दुसऱ्याचा अर्थ नोकर. म्हणजे मार्शल हा मुळात घोड्यांची निगा राखणारा माणूस, आपल्याकडचा मोतद्दार! घोडदळाचं महत्त्व वाढलं तसा राजाच्या पागेवरचा हा माणूसही मोठा होत गेला. आधी दरबारी अधिकारी, मग सेनाधिकारी आणि शेवटी फील्ड मार्शल. फ्रेंच भाषेत सेनेच्या सर्वोच्च सन्मानाला आणि घोड्याला नाल ठोकणाऱ्याला आजही एकाच मूळ शब्दाने ओळखतात. फील्ड मार्शल, एअर मार्शल, विधानसभेतले मार्शल आणि बीट मार्शल हे सगळे या घराण्यातले.

आपल्याकडे हे नवलाचं वाटायला नको. पागेचा हिशेब ठेवणारा तो पागनीस, आणि पुढे ते आडनाव झालं. पोलीस ‘कॉन्स्टेबल’ हा शब्दही असाच तबेल्यातून आलेला आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ तबेल्याचा मुख्य अधिकारी. गंमत बघा, मार्शल नोकर होता तो सर्वात वर गेला आणि कॉन्स्टेबल साहेब होता तो पोलिसांच्या उतरंडीत तळाला आला.

मी विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला इथे वटवाघूळ आणि फुलपाखरू आठवतात. दोघांनाही पंख आहेत, दोघंही उडतात, पण दोन्ही पंखांचे पूर्वज वेगळे आहेत. वटवाघळाचा पंख हा मुळात हात आहे, फुलपाखराचा तसा नाही. वरवर सारखं दिसतं म्हणून एका गटात टाकलं तर पुढचं सगळं वर्गीकरण बिघडतं. दोन्ही ‘मार्शल’ चं तसंच आहे.

ही गल्लत फक्त मराठीत होते असंही नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सैन्याशी संबंधित तंटे चालवायला कॉन्स्टेबल आणि मार्शल या दोन अधिकाऱ्यांचं एक न्यायालय होतं. त्यामुळे ‘मार्शलसाहेबांचा कायदा’ आणि ‘युद्धाचा कायदा’ हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले, आणि जुन्या इंग्रजी लिखाणात एकाच्या जागी दुसऱ्याचं स्पेलिंग आढळतं.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. १९३० मध्ये जी पोलीस चौकी जळाली ती सोलापूरच्या मंगळवार पेठेतली. मार्स म्हणजे मंगळ, आणि चौकी मंगळवार पेठेत! ऐकायला छान वाटतं, भाषणात टाळ्याही मिळतील. पण हा योगायोग आहे, त्यापलीकडे काही नाही. शब्द जुळले म्हणजे संबंध सिद्ध झाला असं होत नाही. प्रबंधात असल्या जुळणीला जागा देऊ नका.

मग ‘लॉ’ म्हणजे कायदा तरी आहे का?

मार्शल कोण ते कळलं. आता दुसरा अर्धा भाग, आणि खरी अडचण तिथेच आहे.

इंग्लंडच्या राजांनी शांततेच्या काळातही सामान्य माणसांवर मार्शल लॉ चालवायला सुरुवात केली तेव्हा संसदेने विरोध केला. १६२८ च्या ‘पिटिशन ऑफ राइट’ मध्ये ही पद्धत बंद करण्याची मागणी आहे. त्याच शतकात मॅथ्यू हेल या न्यायाधीशांनी मांडलं की मार्शल लॉ हा खऱ्या अर्थाने कायदा नाहीच, सैन्यात शिस्त राहावी म्हणून तो चालवून घेतलेला आहे इतकंच. १८५१ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन लॉर्ड्सच्या सभागृहात बोलले, तेव्हा विषय होता सिलोनमधल्या १८४८ च्या उठावाचा. नेपोलियनला हरवणारा हा सेनापती. त्यांनी स्पष्टच सांगितलं की मार्शल लॉ म्हणजे सेनापतीची मर्जी, तो कायदा नव्हेच.

म्हणजे नावात ‘लॉ’ आहे, पण मागे कायद्याचं पुस्तक नाही. नेहमीची न्यायालयं, पोलीस आणि मुलकी अधिकारी यांचा कारभार चालेनासा झाला की सैन्य ताबा घेतं आणि सेनाधिकाऱ्याचे हुकूम चालतात. या सगळ्याला आधार एकच, तो म्हणजे ‘गरज’. गरज असेल तोवर आणि गरज असेल तेवढंच.

म्हणूनच ‘लष्करी कायदा’ हा मराठी प्रतिशब्द वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेने नेतो. जुन्या लिखाणात ‘लष्करी अंमल’ असाही शब्दप्रयोग सापडतो. तो जास्त बरोबर आहे, कारण ‘अंमल’ म्हटलं की विचार येतो, अंमल कुणाचा? ‘कायदा’ म्हटलं की हा प्रश्न डोक्यात येतच नाही.

परीक्षेच्या दृष्टीनेही तीन गोष्टी इथेच वेगळ्या करून घ्या.

कोर्ट मार्शल हे सैनिकांसाठी असतं. आपल्याकडे ते १९५० च्या आर्मी ॲक्टनुसार चालतं, त्याची कलमं आहेत, कार्यपद्धती आहे. मार्शल लॉ सामान्य नागरिकांवर येतो.

दंगलीत किंवा पुरात सैन्य मदतीला बोलावलं तर तोही मार्शल लॉ नाही. तिथे सैन्य मुलकी प्रशासनाला साहाय्य करतं, कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडेच राहतो.

१९७५ ची आणीबाणी हाही मार्शल लॉ नव्हता. ती संविधानाच्या कलम ३५२ खाली होती आणि सत्ता मुलकी सरकारच्याच हातात होती. आपल्या संविधानात मार्शल लॉ चा उल्लेख कलम ३४ मध्ये येतो. पण तिथे मार्शल लॉ म्हणजे काय याची व्याख्या नाही. तो लागू असताना केलेल्या कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांना संसद नंतर संरक्षण देऊ शकते, एवढंच ते कलम सांगतं. आधी कृती आणि मागून संरक्षण, हा क्रम लक्षात ठेवा. सोलापूरला तो उपयोगी पडणार आहे.

सोलापूर, मे १९३०

आता घटना थोडक्यात. गिरण्यांचं हे शहर त्या वर्षी आधीच तापलेलं होतं. ६ एप्रिल १९३० ला, दांडीला मीठ उचललं गेलं त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. ५ मे ला गांधीजींना अटक झाली. ती बातमी आली आणि शहरात हरताळ, मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेची चौकी पेटवली, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारतही जळाली.

यानंतर पोलिसांनी शहरातून अंग काढून घेतलं. ९, १० आणि ११ मे या तीन दिवसांत सोलापुरात ब्रिटिश अंमल जवळपास उरला नव्हता. काँग्रेसचे स्वयंसेवक शहराची व्यवस्था पाहत होते. रामकृष्ण जाजू हे त्या वेळचे स्थानिक पुढारी. "सोलापूरने तीन दिवस स्वातंत्र्य भोगलं" असं आपण अभिमानाने सांगतो, ते याच दिवसांबद्दल.

१२ मे च्या संध्याकाळी जिल्हाधिकारी नाइट यांनी शहराचा ताबा सैन्याकडे दिला आणि मार्शल लॉ पुकारला गेला. तो उठला ३० जूनला. म्हणजे सात आठवडे. महिन्यापूर्वी जो ध्वज नगरपालिकेवर चढला होता तो बाळगणं आता गुन्हा ठरलं. गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणंही धोक्याचं झालं. लष्करी न्यायालयं बसली आणि शिक्षा सुनावू लागली.

१२ मे आणि १५ मे

आता तारखांकडे नीट बघा. मार्शल लॉ पुकारला १२ मे ला. ‘शोलापूर मार्शल लॉ ऑर्डिनन्स’, म्हणजे १९३० चा चौथा वटहुकूम, गव्हर्नर जनरलनी काढला १५ मे ला. मध्ये तीन दिवस आहेत. या तीन दिवसांत शहर कोणत्या कायद्याखाली होतं?

‘लष्करी कायदा’ ही व्याख्या धरली तर याला उत्तर मिळत नाही, कारण १५ तारखेपर्यंत असा वटहुकूमच नव्हता. ‘गरजेपोटी आलेला लष्करी अंमल’ ही व्याख्या धरली तर चित्र स्पष्ट होतं. आधी सैन्य आलं, हुकूम चालले आणि नंतर कागद आला. पंजाबात १९१९ मध्येही मार्शल लॉ नंतर अधिकाऱ्यांच्या संरक्षणासाठी त्याच वर्षी ‘इंडेम्निटी ॲक्ट’ करावा लागला होता. केलेलं काम कायद्यात बसत असतं तर वेगळं संरक्षण कशाला लागलं असतं?

व्याख्येने प्रश्न कसा बदलतो ते इथे दिसतं. पहिली व्याख्या घेतलीत तर तुमचा संशोधन प्रश्न होईल, "मार्शल लॉ योग्य पद्धतीने जाहीर झाला का?" मग तुम्ही राजपत्र, वटहुकूम, आदेश यांचे कागद शोधाल. दुसरी व्याख्या घेतलीत तर प्रश्न होईल, "१२ मे ला सोलापुरात सैन्याची गरज होती का, आणि ३० जूनपर्यंत ती टिकून होती का?" मग तुम्हाला शोधावं लागेल की ९ ते ११ मे दरम्यान बाजार उघडे होते का, गिरण्या चालू होत्या का, लोक बाहेर पडत होते का. सरकारची बाजू अशी की चौकी जळाली, न्यायालय जळालं, पोलीस माघारी गेले, म्हणजे मुलकी सत्ता कोसळली. राष्ट्रीय चळवळीची बाजू अशी की जाळपोळ ८ तारखेची, सैन्याचा अंमल १२ चा, आणि मधले दिवस स्वयंसेवकांनी शांततेत चालवले. दोन्ही बाजूंचा वाद ‘गरज’ या एका शब्दावर येऊन थांबतो.

हा वाद कागदावरचा नव्हता. लष्करी न्यायालयांनी ज्यांना तुरुंगात पाठवलं त्यांच्यापैकी काहींची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात गेली. ‘चनाप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर’ हा खटला कायद्याच्या अभ्यासात आजही ओळखला जातो. मार्शल लॉ कशाच्या आधारावर उभा राहतो आणि गरज होती की नाही हे न्यायालयाला तपासता येतं का, याच प्रश्नाभोवती तो फिरतो. शब्दाचा अर्थ काय लागतो यावर माणसं तुरुंगात राहणार की सुटणार हे ठरत होतं.

हुतात्म्यांचा खटला वेगळा का वाचावा

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. "मार्शल लॉ मध्ये चौघांना फाशी झाली" असं वाक्य आपण सर्रास ऐकतो.

तारीख पुन्हा वाचा. मार्शल लॉ ३० जून १९३० ला उठला होता. फाशी त्यानंतर सहा महिन्यांनी झाली. चौघांवरचा खटला ८ मे च्या घटनेतल्या पोलिसांच्या खुनाचा होता. तो नेहमीच्या फौजदारी न्यायालयात चालला आणि उच्च न्यायालयातही फाशी कायम राहिली.

हे सांगितल्याने हुतात्म्यांचं मोठेपण कमी होतं असं काही जणांना वाटतं. मला उलट वाटतं. "मार्शल लॉ होता, म्हणून अन्याय झाला" असं म्हटलं की सगळा दोष त्या सात आठवड्यांवर जातो आणि एरवीची न्यायव्यवस्था नामानिराळी राहते. प्रत्यक्षात ही फाशी नेहमीच्या न्यायालयांमधून, नेहमीच्या कायद्याने, सगळे टप्पे पार करून झाली. म्हणजे प्रश्न सैन्याच्या अंमलापुरता उरत नाही, वसाहतीच्या रोजच्या न्यायाबद्दल तो विचारावा लागतो. पुरावा कसा उभा केला गेला, साक्षी कुणाच्या होत्या, चळवळीतले पुढचे कार्यकर्तेच आरोपी कसे ठरले? हे प्रश्न जास्त अवघड आहेत आणि ‘मार्शल लॉ’ हा शब्द सैलपणे वापरला की ते विचारलेच जात नाहीत.

बोलताना लोक त्या सगळ्या काळालाच ‘मार्शल लॉ’ म्हणतात, ८ मे पासून १२ जानेवारीपर्यंत. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. घरातल्या आठवणींमध्ये हा शब्द एका काळाचं नाव झालेला आहे. म्हणून मुलाखती घेताना समोरच्या आजोबांना मध्येच थांबवून "तो मार्शल लॉ नव्हता" असं सांगू नका. त्यांचा शब्द तसाच लिहून घ्या. फक्त विश्लेषण करताना लोकांचा ‘मार्शल लॉ’ आणि कागदावरचा ‘मार्शल लॉ’ असे दोन रकाने वेगळे ठेवा.

तुमच्या कामासाठी

विषय कोणताही असो, तुमच्या शीर्षकातला सगळ्यात ओळखीचा वाटणारा शब्द निवडा. अनोळखी शब्द आपण शोधतोच, ओळखीच्या शब्दाकडे लक्ष जात नाही. त्याच्याबद्दल हे लिहून काढा.

पहिलं, शब्द कुठून आला? मराठीत एकच दिसणारे दोन शब्द त्यात लपलेले नाहीत ना?

दुसरं, मराठी प्रतिशब्द वापरल्यावर कोणता अर्थ वाढतो आणि कोणता गळतो? ‘लष्करी कायदा’ आणि ‘लष्करी अंमल’ हे उदाहरण समोर आहेच.

तिसरं, शब्द लागू होण्याची तारीख आणि संपण्याची तारीख कोणती? तुमची घटना त्या चौकटीत बसते का?

चौथं, अभिलेखात तो शब्द कसा लिहिलेला असेल? ब्रिटिशकालीन इंग्रजी कागदांत सोलापूरचं स्पेलिंग ‘शोलापूर’ असं आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्मे कागद हाती लागणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल की साहित्यच उपलब्ध नाही.

पाचवं, व्याख्या बदलून तोच संशोधन प्रश्न पुन्हा लिहून बघा. प्रश्न बदलला नाही तर व्याख्येचा पुढे विचार करायची फारशी गरज नाही. बदलला, तर ती व्याख्या पहिल्या प्रकरणात नीट मांडा आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत तीच पाळा.

एवढं केलंत की मार्गदर्शकांच्या त्या पहिल्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर देता येणार नाही. अर्धं पान लागेल. ते अर्धं पान आराखड्यात जाऊ द्या. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतात.